कोर्स पूर्ण केला, गटाराचं काय?

आईच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट गेल्या पावसाळ्यात हातात आला. डाव्या रकान्यात औषधांची नावं, उजव्या रकान्यात एकेक अक्षर. अँपिसिलिन – आर. सिप्रोफ्लॉक्सॅसिन – आर. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन – आर. कोट्रायमोक्सॅझोल – आर. आर म्हणजे रेझिस्टंट, हे औषध या जिवाणूवर चालणार नाही. शेवटच्या दोन-तीन ओळींत एस होता, म्हणजे इलाज शिल्लक होता, आणि आई बरी झाली. पण डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा : "आजी, मागे कधी गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला होता का?" आई ओशाळली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. गेल्या दहा वर्षांत तिनं अँटिबायोटिक घेतल्याचं मला तरी आठवत नाही. तरी घरी येईपर्यंत रिक्षात ती आठवत बसली होती, आपण कुठली गोळी कधी चुकवली.

मी पदवीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आईचा तो उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून जाईना, म्हणून हे लिहिते आहे. "कोर्स पूर्ण करा" हे वाक्य आपण इतकं घोकलंय, की औषधाला न जुमानणारे जंतू म्हणजे बेशिस्त पेशंटची करणी, असं सगळ्यांनी मनोमन मान्य केलंय. जिवाणूंमध्ये प्रतिरोध कसा पसरतो हे नीट पाहिलं तर दोषाचं हे वाटप टिकत नाही. त्यातून नुकसान असं होतं की ज्यांनी उत्तर द्यायला हवं ते कुणाच्या नजरेतच येत नाहीत.

आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एक प्रात्यक्षिक होतं. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे दोन वाण घ्यायचे. एकाला अँपिसिलिन मारू शकत नाही, कारण ते निकामी करणारं जनुक त्याच्यातल्या प्लास्मिडवर आहे; प्लास्मिड म्हणजे काय ते पुढे येईलच. दुसऱ्याला स्ट्रेप्टोमायसिन मारू शकत नाही, पण अँपिसिलिननं तो मरतो. दोघांना साध्या पोषक द्रवात एकत्र करायचं, नळी तासभर ३७ अंशांवर ठेवायची. नळी हलवायची नाही, हे मी दर वर्षी तीनदा बजावते, कारण हलवली की जिवाणूंच्या जोड्या तुटतात. मग त्यातला थेंब दोन्ही औषधं घातलेल्या बशीवर पसरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं बशा उजेडात धरतात. ज्या बशांवर एकेकटा वाण टाकलेला असतो त्या लख्ख कोऱ्या असतात. मिश्रणाच्या बशीवर मात्र मोहरीएवढे पांढुरके ठिपके. दोन्ही औषधांना पुरून उरणारा जिवाणू एका तासात तयार झालेला असतो.

मुलं ठिपके मोजायच्या नादात असतात तेव्हा मी त्यांना एकच विचारते. जनुकाची देवाणघेवाण झाली तेव्हा नळीत औषध किती होतं? अजिबात नव्हतं. औषध आलं नंतर, बशीवर. त्यानं फक्त दाखवून दिलं की कोणाकडे काय पोचलंय. इथे कोणी कोर्स अर्धवट सोडलेला नव्हता. दोन जिवाणू खाऊनपिऊन तासभर शेजारी राहिले, एवढंच घडलं.

प्लास्मिड म्हणजे डीएनएचं छोटं कडं. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून वेगळं, स्वतःची नक्कल स्वतः करणारं. हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली दिलं. शेजारच्या पेशीला चिकटायला लागणारी नळीसुद्धा प्लास्मिड स्वतःच्या जनुकांवरून बनवून घेतं आणि तिच्या आधारानं नक्कल पलीकडे धाडतं. देणाऱ्याकडचं काही कमी होत नाही. शेजारणीला वाटीभर विरजण दिलं म्हणून आपलं दही संपत नाही; तिच्याकडे दही लागतं, ती पुढच्या घरी देते. शिवाय शेजारीण आपल्या जातकुळीची असावी लागत नाही. ई. कोलायकडून क्लेबसिएलाकडे, तिथून साल्मोनेलाकडे, असा हा व्यवहार चालतो. माणसात आईबापाकडून मुलाकडे वारसा जातो. जिवाणूंत वारसा आहेच, त्यावर ही उसनवारी.

हे पहिल्यांदा लक्षात आलं जपानमध्ये. १९५० च्या दशकात तिथे आमांशाच्या साथी होत्या आणि शिगेला जिवाणू एकाच वेळी चार औषधांना दाद देईनासे झाले : सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन. एका औषधाविरुद्ध जनुकात योगायोगानं बदल होणं हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. चारही बदल एकाच जिवाणूत एका वेळी होणं हिशेबात बसेना. त्यात आणखी एक कोडं. एकाच रुग्णाच्या आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्येही तोच चौपदरी प्रतिरोध सापडायचा. १९५९ मध्ये ओचिआई आणि आकिबा यांच्या गटांनी दाखवलं की हा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे अख्ख्या गाठोड्यासारखा जातो. त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ मध्ये त्यावर इंग्रजीत विस्तारानं लिहिलं तेव्हा जगाला कळलं. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ आपल्याला हे माहीत आहे.

गाठोडं हा शब्द मी विचार करून वापरला. प्लास्मिडवर जनुकं येतात ती ट्रान्स्पोझॉनच्या पाठीवर बसून. ट्रान्स्पोझॉन म्हणजे एका जागेवरून निघून दुसऱ्या जागी घुसणारे डीएनएचे तुकडे. मक्याच्या दाण्यांवरचे रंगांचे ठिपके बघत बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी अशा उड्या ओळखल्या होत्या. त्यांना नोबेल मिळालं ते १९८३ साली, दाण्यांवरच्या कामानंतर तीसेक वर्षांनी. इंटिग्रॉन नावाची आणखी एक रचना असते, ती सुटी जनुकं पकडून एका माळेत ओवते. अशी माळ तयार झाली की एका औषधाचा वापर बाकी सगळ्या मण्यांना जगवतो. काही प्लास्मिडांत तर एक विष आणि त्याचा उतारा अशी जोडी असते. उतारा झटकन नष्ट होतो, विष टिकून राहतं. प्लास्मिड टाकून दिलेली पेशी मागे उरलेल्या विषानं मरते. ही जोडी शिकवताना वर्ग एकदम शांत होतो.

या यंत्रणेचा सार्वजनिक धोरणाशी संबंध काय, हे इंग्लंडमधल्या एका उदाहरणावरून सांगते. १९९० च्या दशकात तिथे सल्फा औषधांचा वापर जवळजवळ बंद झाला. वर्षाला ३,२०,००० चिठ्ठ्यांवरून तो ७,००० वर आला. आता सल्फाला दाद न देणारे ई. कोलाय कमी व्हायला हवे होते. लंडनच्या एका रुग्णालयात १९९१ मध्ये त्यांचं प्रमाण ३९.७ टक्के होतं, १९९९ मध्ये ते ४६ टक्के निघालं. सल्फाविरोधी जनुक प्लास्मिडवर इतर जनुकांच्या शेजारी बसलेलं होतं. बाकीची औषधं चालू होती, त्यांच्या आधारानं तेही टिकलं.

उलट उदाहरणही आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केलं. शेवटचा उपाय म्हणून राखलेल्या कोलिस्टिनला ते निकामी करतं आणि तेही प्लास्मिडवर. डुकरांचं वजन वाढावं म्हणून चीन खाद्यात कोलिस्टिन घालत होता. २०१७ मध्ये तो वापर बंद झाला आणि पुढच्या काही वर्षांत डुकरांमध्येही, माणसांमध्येही या जनुकाचं प्रमाण घसरलं. भारतानं जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. वापर कमी करण्यानं फरक पडतो, यात शंका नाही. पण फरक पडला तो कशानं? सरकारनं एका उद्योगाचा नळ बंद केला म्हणून. कोणाच्या गोळ्या चुकवण्या-न चुकवण्याशी त्याचा संबंध नव्हता.

आता आपल्या घराकडे. २००८ मध्ये भारतीय वंशाचा एक स्वीडिश नागरिक दिल्लीत रुग्णालयात राहून परतला. त्याच्यात क्लेबसिएलाचा असा वाण सापडला की कार्बापेनेम गटाची औषधंही, म्हणजे आयसीयूतली राखीव फळी, त्याच्यावर चालेनात. औषध निकामी करणाऱ्या त्याच्यातल्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, नाव मिळालं नवी दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१. ऑगस्ट २०१० मध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांवरचा मोठा लेख 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांवरच्या नियतकालिकात आला आणि आपल्याकडे गदारोळ उठला. वैद्यकीय पर्यटन बुडवायचा परदेशी डाव, देशाची बदनामी, असं संसदेपर्यंत बोललं गेलं. राजधानीचं नाव जनुकाला देणं मलाही चूक वाटतं. 'लॅन्सेट'च्या संपादकांनी पुढे त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. पण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे गदारोळाच्या पाच महिने आधी, भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात छापलं होतं, की तीन महिन्यांत कार्बापेनेमला न जुमानणारे २४ नमुने मिळाले आणि त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. आपल्या माणसांनी, आपल्या शहरातून, आपल्याला सांगितलेलं होतं. ते ऐकायला परदेशी मासिक लागलं आणि ते आल्यावर आपण नावावरून भांडलो.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०११ चा अभ्यास. दिल्लीत रस्त्यांवर, गल्ल्यांत साचलेल्या पाण्याचे १७१ आणि पिण्याच्या पाण्याचे ५० नमुने तपासले. साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत एनडीएम-१ जनुक होतं, नळाच्या २ नमुन्यांत होतं. ते वाहणाऱ्या जिवाणूंत पटकीचा जिवाणू होता, आमांशाचा शिगेलाही होता. संशोधकांनी प्लास्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे कोणत्या तापमानाला जास्त जातं तेही मोजलं. माणसाच्या शरीराच्या ३७ अंशांपेक्षा ३० अंशांना ते जास्त जात होतं. तीस अंश म्हणजे आपल्या उन्हाळ्यातलं, पावसाच्या उघडिपीतलं, चेंबर तुंबून रस्त्यावर आलेलं पाणी. माझ्या प्रात्यक्षिकातली नळी मी तासभर न हलवता ठेवते. शहराची नळी बारा महिने भरलेली असते.

पुण्यात राहणाऱ्याला हे दिल्लीचं दुखणं म्हणून सोडून देता येणार नाही. मुठा नदीच्या गाळातल्या डीएनएचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या बाजूला, जिथे नदी अजून नदी असते, तिथल्या गाळाच्या तुलनेत शहरातल्या गाळात प्रतिरोधी जनुकं कितीतरी पटींनी जास्त निघाली. कार्बापेनेमविरोधी जनुकं होती, कोलिस्टिनविरोधीही होतं. भिडे पुलावरून मी रोज जाते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल बुडतो, पाणी ओसरलं की डांबरावर काळसर गाळाची साय राहते, त्यावरून दुचाक्या जातात, मुलं चप्पल घसटत चालतात. पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत अडते आणि उजनीतून सोडलेलं पाणी चंद्रभागा होऊन पंढरीच्या वाळवंटाला लागतं. माझी आजी त्या पाण्याचं तीर्थ तांब्यातून घरी आणायची.

२०२०-२१ ची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची आकडेवारी पाहिली तर देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं आणि त्यातलं प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. बाकीचं नाल्यांत, ओढ्यांत, नद्यांत. त्यात घरांचं पाणी आहे, दवाखान्यांचं आहे, आणि लाखो आतड्यांतले जिवाणू आहेत. पुण्यात जपानी कर्जातून ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं बांधायचा प्रकल्प दशकभरापूर्वी मंजूर झाला. तो वर्षानुवर्षं रेंगाळला आणि त्याच काळात नदीकाठाचं सुशोभीकरण मात्र जोरात सुरू झालं. दगडी पायऱ्या आधी आणि मैल्याचा बंदोबस्त मागून, हा क्रम मला संतापजनक वाटतो. केंद्र बांधलं की जनुकं संपली असं नाही, हेही सांगायला हवं. तिथल्या टाक्यांतही जिवाणू दाटीनं राहतात. पण बाहेर पडणाऱ्या जिवाणूंची संख्या प्रचंड घटते, आणि जोड्या जमायला आधी दोघं भेटावी लागतात.

आजारी माणसांचं पाणी वेगळं मोजायला हवं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रुग्णालयानं आपलं द्रव घाण पाणी शुद्ध करूनच गटारात सोडायचं असतं. त्यासाठीच्या मानकांत सामू आहे, बीओडी-सीओडी ही पाण्यातली घाण मोजायची मापं आहेत, तेल-ग्रीस आहे. प्रतिरोधी जिवाणू किंवा त्यांची जनुकं नाहीत. ज्या वॉर्डात मेरोपेनेमच्या, म्हणजे कार्बापेनेम गटातल्याच औषधाच्या, बाटल्या रोज लागतात तिथल्या संडासातून काय बाहेर जातंय, हे पाहण्याची सक्ती त्या मानकांत नाही.

औषध कारखान्यांची गोष्ट याहून वाईट आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामाईक केंद्रात येतं. २००७ मध्ये योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून 'शुद्ध' होऊन बाहेर पडणारं पाणी तपासलं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. उपचार चालू असलेल्या रोग्याच्या रक्तातसुद्धा ते इतकं नसतं. आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन नुसतं मारत नाही. ते डीएनएला इजा करतं, इजा झाली की जिवाणूची दुरुस्तीची यंत्रणा जागी होते, आणि पटकीच्या जिवाणूत आढळणारा एसएक्सटी नावाचा फिरता तुकडा नेमका त्याच इशाऱ्यावर सुटा होऊन पुढच्या पेशीत जातो. हे २००४ मध्ये सिद्ध झालंय. म्हणजे जे औषध नदीत सोडलं जातंय तेच उसनवारीला गती देतंय.

जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं मसुदा काढला. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात १२१ अँटिबायोटिकांची किती मात्रा चालेल, याच्या मर्यादा त्यात होत्या. जगात असं पाऊल फार थोड्यांनी उचललं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. महाराष्ट्रात तारापूर, कुरकुंभ, लोटे परशुराम इथे औषधांचा कच्चा माल बनतो, त्यामुळे त्या गाळलेल्या मर्यादांशी आपला थेट संबंध आहे. त्यावर मराठी वर्तमानपत्रांत किती अग्रलेख आले? "कोर्स पूर्ण करा"च्या जाहिराती मात्र मी दर नोव्हेंबरात पाहते.

यावर माझे डॉक्टर मित्र म्हणतात, लोकांना हे सांगितलंस तर ते औषधं आणखी बेफिकिरीनं घेतील. ही भीती मला समजते. मेडिकलमध्ये जाऊन "सर्दीवर काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणणारे लोक आहेत, चिठ्ठीशिवाय पट्टी कापून देणारे दुकानदार आहेत, व्हायरल तापावर अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहिणारे डॉक्टरही आहेत. हे थांबलंच पाहिजे. आणि क्षयरोगाच्या बाबतीत तर कोर्स पूर्ण करणं हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, कारण क्षयाचे जिवाणू प्लास्मिडची उसनवारी करत नाहीत. त्यांचा प्रतिरोध त्यांच्याच गुणसूत्रातल्या बदलांतून, अपुऱ्या उपचारात निवडला जाऊन तयार होतो. तिथे एकाही गोळीची चूक परवडत नाही. पण क्षयाचा हा नियम आपण उचलून प्रत्येक आजारावर चिकटवला आणि त्यातून आईसारख्या माणसांना गुन्हेगार ठरवलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध घ्या, हे बरोबरच आहे. प्रतिरोधाचा सगळा जमाखर्च मात्र पेशंटच्या नावे मांडू नका.

कारण आकडे दुसरीकडे बोट दाखवतात. भारतात माणशी अँटिबायोटिकचा खप युरोपातल्या अनेक देशांपेक्षा कमी आहे आणि प्रतिरोध कितीतरी जास्त. २०१८ मध्ये पीटर कॉलिग्नन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांची तुलना केली तेव्हा प्रतिरोधाचा ठळक संबंध औषधांच्या खपाशी लागला नाही; तो लागला पायाभूत सुविधांशी आणि कारभाराशी. स्वीडनमधल्या १०० प्रवाशांचा २०१० चा अभ्यास तर फार बोलका आहे. जाण्याआधी त्यांच्या आतड्यांत ईएसबीएल, म्हणजे अनेक अँटिबायोटिकं निकामी करणारी विकरं, बनवणारे ई. कोलाय नव्हते. भारतात येऊन गेलेल्या ८ जणांपैकी ७ जण ते घेऊन परतले. आपण त्यांना पाहुणचारात पाणी दिलं, कोशिंबीर वाढली, आणि त्यासोबत हेही दिलं. आपण स्वतः ते रोज खातो-पितो. आईच्या पोटात तो जिवाणू कुठून आला, हे तिनं रिक्षात आठवून सापडण्यासारखं नव्हतंच.

कोविडच्या काळात पुण्यात सांडपाण्यातून विषाणूचा माग काढला गेला. तेच नमुने, तशीच यंत्रं, तेच हात जनुकांसाठी वापरता येतील : रुग्णालयांच्या बाहेरच्या चेंबरमध्ये, औषध वसाहतींच्या नाल्यावर, संगमावर आणि उजनीच्या तोंडाशी. दर तिमाहीचे आकडे प्रभागवार नकाशावर लावता येतील. खर्च लागेल, पण पायऱ्यांवर बसवलेल्या दगडांपेक्षा जास्त नाही.

मतं मागायला उमेदवार दारात येतात तेव्हा आमच्या सोसायटीत पार्किंगचं आणि कुत्र्यांचं बोलणं होतं. या वेळी मी आईला खुर्ची टाकून पुढे बसवणार आहे, तिचा रिपोर्ट हातात देऊन. आणि विचारणार आहे, की या प्रभागातल्या रुग्णालयांचं पाणी कोणत्या चेंबरला मिळतं, तिथून कुठे जातं आणि ते शेवटचं कोणी, कधी तपासलं.